बेरीज एक भरत नाही: बीटा क्षयातल्या हजारात दीड भागाच्या तुटीचे प्रकरण

बीटा क्षय या किरणोत्सारी क्षयाच्या हिशेबातल्या दुरुस्तीचा एक आकडा २.३६ टक्क्यांवरून २.४७ टक्क्यांवर गेला आणि बरीच वर्षे निवांत बसलेली एक बेरीज बिघडली. साल २०१८. बदल झाला तो कागदावर. त्यामागे नवा प्रयोग नव्हता. अणुकेंद्रकांची अर्धायुष्ये तीच, क्षयात मोकळी होणारी ऊर्जा तीच, क्षय टिपणाऱ्या उपकरणांतल्या, म्हणजे गणकांतल्या, नोंदी त्याच. तरीही आधी ०.९९९४ येणारी बेरीज आता ०.९९८४ आली. पहिल्या आकड्याची अनिश्चितता ०.०००५ होती, दुसऱ्याची ०.०००४. सिद्धांताप्रमाणे उत्तर नेमके १ यायला हवे. जुने उत्तर एकाच्या जवळच होते. नवे उत्तर चार प्रमाण विचलनांनी, म्हणजे स्वतःच्या अनिश्चिततेच्या चौपट, कमी पडत होते.

कणभौतिकीत चार प्रमाण विचलने म्हणजे लोक उठून बसतात. या प्रकरणात मात्र लोक उठून बसले आणि त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या वह्या तपासायला घेतल्या. त्या तपासणीत जे निघाले ते तुटीइतकेच बोलके आहे.

बेरीज कशाची?

बीटा क्षयात अणुकेंद्रकातला न्यूट्रॉन प्रोटॉन होतो किंवा प्रोटॉन न्यूट्रॉन होतो. क्वार्कच्या, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्या कणांचे बनतात त्यांच्या, पातळीवर डाउन क्वार्कचा अप क्वार्क होतो, किंवा त्याच्या उलट. हे काम क्षीण बलाचे, म्हणजे निसर्गाच्या चार मूलभूत बलांपैकी एकाचे. निकोला काबिब्बो यांनी १९६३ मध्ये, म्हणजे क्वार्कची कल्पना मांडली जाण्याच्याही आधी, एक निरीक्षण समजावून दिले: केंद्रकांतले क्षीण क्षय म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्याच जातीच्या जड कणाच्या) क्षयापेक्षा किंचित दुबळे दिसतात, आणि स्ट्रेंज कणांचे क्षय तर फारच दुबळे. आजच्या भाषेत सांगायचे तर अप क्वार्कचा क्षीण बलातला जोडीदार शुद्ध डाउन नाही. तो डाउन आणि स्ट्रेंज यांचे मिश्रण आहे आणि बलाची एकूण ताकद या दोघांत वाटली गेली आहे. माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा यांनी १९७३ मध्ये ही मांडणी क्वार्कच्या तीन पिढ्यांपर्यंत वाढवली. त्यातून तीन ओळी आणि तीन स्तंभांची सारणी तयार झाली. २००८ च्या नोबेल पारितोषिकातला निम्मा वाटा या दोघांना मिळाला.

आपल्याला त्या सारणीची फक्त पहिली ओळ पाहायची आहे. अप क्वार्कचे डाउन, स्ट्रेंज आणि बॉटम यांच्याशी नाते सांगणारे तीन आकडे त्या ओळीत आहेत. त्यांना व्ही-यूडी, व्ही-यूएस आणि व्ही-यूबी म्हणू. तिघांच्या वर्गांची बेरीज एक व्हायला हवी, कारण वाटणी कशीही झाली तरी एकूण ताकद शिल्लक राहिली पाहिजे. यालाच युनिटॅरिटी म्हणतात. व्ही-यूबीचा वर्ग साधारण ०.००००१५ भरतो. ही चिल्लर आहे, ती विसरून चालेल. व्ही-यूएसचा वर्ग ०.०५ च्या आसपास आहे आणि तो केऑन या स्ट्रेंज क्वार्क असलेल्या अल्पायुषी कणांच्या क्षयातून मिळतो. उरलेला ०.९५ व्ही-यूडीचा. म्हणजे बेरजेचा बहुतांश भार एकट्या बीटा क्षयावर आहे आणि तिथला चिमूटभर बदलही बेरजेत लगेच दिसतो.

बेरीज खरोखरच एकापेक्षा कमी असेल तर ताकदीचा काही भाग आपल्याला ठाऊक नसलेल्या ठिकाणी जातो आहे. कदाचित आणखी एखादा जड क्वार्क असेल, कदाचित क्षीण बलाचा आजवर न दिसलेला प्रकार असेल. ०.००१५ एवढी तूट खरी मानून ढोबळ हिशेब केला तर त्या नव्या गोष्टीचे ऊर्जामान काही टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट निघते. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचा महाकाय कणवेगक ज्या ऊर्जेला प्रोटॉन आदळवतो, त्याच टापूतली ही गोष्ट झाली. टेबलावर मावणाऱ्या गणकांनी एवढ्या दूरवरचा सुगावा लागू शकतो, हेच या क्षेत्राचे खरे आकर्षण.

शून्यातून शून्यात

साधा बीटा क्षय अचूक मोजणीच्या कामाचा नसतो. त्यात क्षीण बलाचे दोन घटक, सदिश आणि अक्षीय, एकत्र काम करतात आणि अक्षीय भागावर केंद्रकाच्या अंतर्गत रचनेचा परिणाम होतो. तो परिणाम दशहजारांश अचूकतेने काढणे सध्या कुणाच्या आवाक्यात नाही.

पण काही केंद्रके अशी आहेत की त्यांचे फिरक-परिमाण (स्पिन) क्षयाआधीही शून्य आणि नंतरही शून्य असते. अशा क्षयात अक्षीय घटकाला शिरायला वावच मिळत नाही. उरतो तो सदिश घटक, आणि रिचर्ड फाइनमन व मरे गेल-मान यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या संकल्पनेनुसार त्याची ताकद केंद्रकाच्या गर्दीने बदलत नाही. कार्बन-१० असो वा रुबिडियम-७४, आकडा एकच निघायला हवा. या क्षयांना अतिअनुमत क्षय म्हणतात.

हा सामायिक आकडा काढायचा तर प्रत्येक केंद्रकासाठी तीन मापे लागतात: अर्धायुष्य, त्यातला किती वाटा या विशिष्ट क्षयाकडे जातो, आणि क्षयात किती ऊर्जा मोकळी होते. ऊर्जेवरून ‘एफ’ नावाचा गुणक काढतात, त्याला आंशिक अर्धायुष्य ‘टी’ने गुणतात. या गुणाकाराला एफटी मूल्य म्हणतात आणि ते सेकंदांत येते; ते जितके कमी तितका व्ही-यूडी मोठा. अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या उत्तेजित रूपाचे अर्धायुष्य ६.३५ सेकंद, एफ सुमारे ४७८, आणि एफटी ३,०३७ सेकंदांच्या आसपास. (याच केंद्रकाचे मूळ रूप सुमारे सात लाख वर्षांच्या अर्धायुष्याचे आहे आणि त्याचे गॅमा किरण आकाशगंगेभर दिसतात. केंद्रक तेच, फरक फक्त २२८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा.)

ही मापे ऐकायला सोपी वाटतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉन संस्थेत जॉन हार्डी यांच्या गटाने अर्धायुष्य मोजण्याची जी पद्धत बसवली ती पाहिली की त्यातली मेहनत कळते. निवडलेले आयन पातळ फितीत रुतवायचे, फीत झटक्यात सरकवून नमुना वायूने भरलेल्या गणकाच्या मधोमध आणायचा आणि क्षय मोजायचे. गणक एक कण टिपला की क्षणभर आंधळा होतो. सुरुवातीला क्षय दाट असतात, म्हणून तेव्हा जास्त कण निसटतात. शेवटी विरळ असतात, म्हणून कमी निसटतात. हे न सुधारता आलेख काढला तर अर्धायुष्य खऱ्यापेक्षा लांब दिसते. उपाय थोडा उलटा आहे: गणकाला मुद्दाम त्याच्या नैसर्गिक आंधळेपणापेक्षा लांब, पण नेमका ठाऊक असलेला, आंधळा काळ द्यायचा. अज्ञात त्रुटीपेक्षा मोठी पण मोजलेली त्रुटी परवडते. मग हा काळ, विद्युतदाब, संकेताची उंबरठापातळी सगळे बदलून पाहायचे आणि उत्तर हलते का ते बघायचे.

वाट्याचे मापही असेच हट्टी. अ‍ॅल्युमिनियम-२६ मध्ये जवळजवळ शंभर टक्के क्षय हव्या त्या वाटेने जातात, त्यामुळे तिथे चिंता नाही. कार्बन-१० मध्ये फक्त दीड टक्क्याच्या आसपास जातात. ते ओळखायचे तर १,०२२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण शोधावा लागतो. निसर्गाची थट्टा अशी की या क्षयात निघणारा पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) नष्ट होताना ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन फोटॉन निघतात, आणि दोन्ही एकाच वेळी शोधकात शिरले तर त्यांची बेरीज अगदी १,०२२ भरते. खरा किरण आणि ही खोटी जोडी वेगळी करण्यातच प्रयोगाचा बराचसा घाम जातो. हा क्षय सोडूनही देता येत नाही. सदिश बलासोबत एखादे अदिश बल लपलेले असेल तर त्याची खूण सर्वांत हलक्या केंद्रकांत, म्हणजे कार्बन-१० आणि ऑक्सिजन-१४ मध्ये, सर्वांत ठळक दिसेल.

दोन किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा धडा

तिसरे माप ऊर्जेचे. एफ हा गुणक ऊर्जेच्या जवळजवळ पाचव्या घातावर अवलंबून असल्याने ऊर्जेतली लहानशी चूक पाचपट होऊन बाहेर पडते. व्हॅनेडियम-४६ चे उदाहरण इथे पाहिलेच पाहिजे. २०१८ ची तूट कशी वाचायची, हे त्यावरूनच कळते.

व्हॅनेडियम-४६ च्या क्षयाची ऊर्जा सुमारे ७,०५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. तिच्या मान्य मूल्यावर १९७७ साली म्युनिकमध्ये प्रसिद्ध झालेल्या अणुक्रियांच्या मापनांचा मोठा प्रभाव होता. २००५ मध्ये अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत कॅनेडियन पेनिंग सापळा वापरून ती पुन्हा मोजली. पेनिंग सापळ्यात आयन चुंबकीय क्षेत्रात घिरट्या घालतो आणि घिरट्यांच्या वारंवारतेवरून त्याचे वस्तुमान कळते; मूळ आणि उत्पन्न केंद्रकाच्या वस्तुमानांतला फरक म्हणजे ऊर्जा. नवे उत्तर जुन्यापेक्षा दोन किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा थोडे जास्त आले. सात हजारांत दोन! पण पाचपटीच्या नियमाने एफटी मूल्य हजारात दीड भागाने वर गेले आणि व्हॅनेडियम-४६ बाकी सगळ्यांच्या रांगेतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी फिनलंडमधल्या युवास्क्युला विद्यापीठाच्या सापळ्याने तोच आकडा दिला. अरगॉनचे माप चुकीचे नव्हते.

मग चूक कुठे? जुनी मापने पुन्हा तपासल्यावर त्यांतली इतर मूल्येही जुळत नाहीत असे दिसले आणि तो संच वगळला गेला. पण त्याने व्हॅनेडियम रांगेत आले नाही. ते आले हार्डी आणि त्यांचे सहकारी इयन टाउनर यांनी सैद्धांतिक दुरुस्त्यांचा हिशेब पुन्हा मांडल्यावर. केंद्रकाच्या गाभ्यातल्या ज्या कक्षा या क्षयाशी संबंधित नाहीत असे धरून हिशेबाबाहेर ठेवल्या होत्या, त्या २००८ मध्ये आत घेतल्या, आणि रांग सरळ झाली.

ही घटना दोन तऱ्हांनी वाचता येते. उदार वाचन असे: एका अचूक मापाने सिद्धांतातली उणीव दाखवली आणि ती भरून निघाली. कठोर वाचन असे: आकडा रांगेत बसेपर्यंत दुरुस्ती शोधली गेली. मला पहिले वाचन पटते, कारण गाभ्याच्या कक्षा आत घेण्याला स्वतंत्र भौतिक कारण होते आणि त्या बदलाने इतर केंद्रकांची मूल्येही हलली. दुसरे वाचन विसरू मात्र नये. अचूकतेच्या या पातळीवर सगळ्यांचे एकमत हा निकष म्हणून मोहक असतो, आणि धोकादायकही.

दुरुस्त्यांचा डोंगर

कच्ची एफटी मूल्ये एकसारखी नसतात. अ‍ॅल्युमिनियमचे ३,०३७ सेकंद, रुबिडियम-७४ चे जवळजवळ ३,०८३. दीड टक्क्याचा हा पसारा दुरुस्त्यांनंतर ३,०७२ सेकंदांवर आवळला जातो. या जुळणीइतके देखणे दृश्य अणुकेंद्रकीय भौतिकीत क्वचितच दिसते. कार्बनपासून रुबिडियमपर्यंतची केंद्रके, निरनिराळ्या खंडांतल्या प्रयोगशाळा, दोनशेहून अधिक स्वतंत्र मापने, आणि शेवटी एकच आडवी रेषा.

ही मापने एकत्र गोळा करण्याचे काम हार्डी आणि टाउनर यांनी १९७३ पासून केले. त्यांचा एक नियम मला फार आवडतो: एखाद्या राशीच्या सर्वांत अचूक मापापेक्षा दहापटीहून जास्त अनिश्चितता असलेली मापे सरासरीत घ्यायचीच नाहीत. गर्दीने निकाल ठरत नाही.

दुरुस्त्यांपैकी एक विद्युतचुंबकीय आहे. बाहेर पडणाऱ्या पॉझिट्रॉनच्या आणि केंद्रकाच्या परस्परक्रियेमुळे ती लागते आणि तिचा हिशेब तुलनेने पक्का आहे. दुसरी विद्युतभारामुळे येणाऱ्या असममितीची. क्षयाआधीचा प्रोटॉन आणि नंतरचा न्यूट्रॉन यांची तरंगफले हुबेहूब सारखी असती तर ती लागली नसती, पण प्रोटॉनला बाकीच्या प्रोटॉनांचे प्रतिकर्षण जाणवते, न्यूट्रॉनला नाही. हलक्या केंद्रकांत ही दुरुस्ती टक्क्याच्या काही दशांशांची असते, जड केंद्रकांत दीड टक्क्यापर्यंत जाते. तिसरी केंद्रकाच्या रचनेची. आणि चौथी, सगळ्या केंद्रकांना सारखीच लागू होणारी, अंतर्गत प्रारण दुरुस्ती. प्रकरणाच्या सुरुवातीचे २.३६ आणि २.४७ हे आकडे हिचेच.

चौथी सर्वांना सारखी असल्यामुळे ती चुकली तरी रांग वाकडी होत नाही. सगळी रेषा एकदम वरखाली सरकते. व्हॅनेडियमच्या वेळी जो आतला पहारेकरी उपयोगी पडला, तो इथे झोपलेला असतो.

चौकटीतला फोटॉन

या दुरुस्तीतला कठीण भाग असा. क्षय घडताना क्षीण बल वाहणाऱ्या डब्ल्यू बोसॉन या कणाची देवाणघेवाण होते आणि त्याच वेळी एक फोटॉनही क्वार्क आणि पॉझिट्रॉन यांच्यात ये-जा करतो. आकृती काढली तर चौकट दिसते, म्हणून तिला चौकट-आकृती म्हणतात. त्या फोटॉनची ऊर्जा कितीही असू शकते आणि सगळ्या शक्यतांची बेरीज घ्यावी लागते. फार मोठ्या ऊर्जेला क्वार्क जवळजवळ मोकळे वागतात, तिथला हिशेब येतो. फार लहान ऊर्जेला न्यूट्रॉन-प्रोटॉन अखंड गोळ्यासारखे वागतात, तिथलाही येतो. गोंधळ आहे तो मधल्या टापूत.

विल्यम मार्सियानो आणि अल्बर्टो सिर्लिन यांनी २००६ मध्ये दोन टोकांच्या मध्ये विचारपूर्वक एक पूल टाकला आणि २.३६१ टक्के हे उत्तर काढले. बारा वर्षे सगळे त्यावरून चालले. २०१८ मध्ये च्येन-ये सेंग, मिखाइल गोर्शटाइन, हिरेन पटेल आणि मायकल रॅम्झी-मुसोल्फ यांनी वेगळा रस्ता घेतला. अपस्करण-संबंध नावाच्या गणिती साधनाने त्यांनी मधल्या टापूची गाठ न्यूट्रिनो या जवळजवळ वस्तुमानहीन, भाररहित कणांच्या जुन्या प्रकीर्णन प्रयोगांच्या नोंदींशी बांधली. अंदाजाच्या जागी मोजलेली माहिती आली. उत्तर २.४६७ टक्के, आणि अनिश्चितता आधीच्यापेक्षा जवळजवळ निम्मी.

यातला टक्क्याचा दशांश व्ही-यूडीला ०.९७४२ वरून ०.९७३७ वर घेऊन गेला. वर्ग करून बेरजेत घातला की ०.००१ ची घट. तूट हातात आली ती अशी.

पुढे इतरांनीही हिशेब केले. २०१९ मध्ये मार्सियानो आणि सिर्लिन यांनी आंद्रे चार्नेत्स्की यांच्यासह स्वतःचा आकडा सुधारून २.४२६ केला. त्यानंतर महासंगणकावर अवकाशकालाची जाळी मांडून केलेली गणनाही नव्या आकड्याच्या बाजूलाच पडली. दशांशाच्या दुसऱ्या घरावरून मतभेद आहेत, पण २.३६ कडे परत जाण्याचा रस्ता बंद झाला आहे असे म्हणायला हरकत नाही. म्हणजे आधीचे छान जुळणारे उत्तर एका लहानशा चुकीच्या आधाराने जुळत होते.

अनिश्चितता वाढली, आणि ते बरेच झाले

आता प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा. चौकट-आकृतीतला न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) एकटा असेल तर २०१८ चा हिशेब पुरतो. केंद्रकात तो एकटा नसतो. फोटॉन एका न्यूक्लिऑनला धक्का देऊन क्षणभर बाहेर उडवू शकतो, आणि त्या मधल्या अवस्था मोजायला हव्यात. २०१९ च्या सुमारास सेंग, गोर्शटाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की केंद्रक-रचनेच्या दुरुस्तीत असे परिणाम आधी नीट धरलेले नव्हते. त्यांतले दोन विरुद्ध दिशांना ओढतात आणि बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात, पण प्रत्येकाची अनिश्चितता शिल्लक राहते.

हार्डी आणि टाउनर यांच्या २०१४-१५ च्या सर्वेक्षणात दुरुस्त सरासरी ३,०७२.२७ सेकंद होती आणि अनिश्चितता ०.७२. त्यांच्या २०२० च्या सर्वेक्षणात सरासरी ३,०७२.२४, अनिश्चितता १.८५. मधल्या काळात मापने सुधारली, तरी अनिश्चितता अडीचपट झाली! पन्नास वर्षे एकेक दशांश कमावणाऱ्या माणसांनी स्वतःच्या आकड्याभोवतीची रेघ स्वतः लांबवली, आणि व्ही-यूडी ०.९७३७३ लिहून त्यापुढे ०.०००३१ अशी अनिश्चितता टाकली.

त्याचा परिणाम सरळ आहे. तूट जवळजवळ तेवढीच राहिली, पण तिचे वजन चार प्रमाण विचलनांवरून दोन-सव्वादोनवर आले. कणांची मापे संकलित करणाऱ्या पार्टिकल डेटा ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाच्या संकलनाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत बेरीज ०.९९८४ आणि अनिश्चितता ०.०००७ अशी दिली आहे. नवे भौतिकी सापडले, असा मथळा द्यायला हे पुरत नाही. सोडून द्यायलाही नाही.

केऑनची बाजू

तुटीचा आळ नेहमी मोठ्या आकड्यावर जातो, पण ०.०५ वाल्याचीही झडती घ्यावी लागते. त्याला पूर्वेतिहास आहे. २००० च्या आसपासही बेरीज दोन प्रमाण विचलनांनी कमी पडत होती आणि तेव्हाही बीटा क्षयाकडे बोटे दाखवली गेली होती. २००३ मध्ये ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या ई-८६५ प्रयोगाने केऑनचे क्षय नव्याने मोजले, पाठोपाठ फर्मीलॅब, फ्रास्काती आणि सर्न येथील प्रयोगांनीही. कित्येक वर्षे मान्य असलेले व्ही-यूएसचे मूल्य कमी होते असे निघाले. ०.२२० चे ते ०.२२५ च्या घरात गेले आणि बेरीज जुळली. केंद्रकवाले तेव्हा निर्दोष सुटले.

आज केऑनची साक्ष स्वतःशीच विसंगत आहे. केऑनपासून पायऑन (अप आणि डाउन क्वार्कचा हलका कण), इलेक्ट्रॉन वा म्युऑन आणि न्यूट्रिनो निघतात त्या क्षयावरून व्ही-यूएस ०.२२३१ येतो. केऑनपासून फक्त म्युऑन आणि न्यूट्रिनो निघतात त्या क्षयाची पायऑनच्या तशाच क्षयाशी तुलना केली तर ०.२२५२ च्या आसपास. आणि बीटा क्षयाचे व्ही-यूडी खरे मानून, बेरीज एक व्हावी म्हणून व्ही-यूएस किती हवा असे उलट विचारले तर उत्तर येते ०.२२७७. एकाच राशीची तीन उत्तरे, आणि तिन्ही एकमेकांना टाळणारी.

सिद्धांतवाल्यांना हा त्रिकोण फार आवडतो. पहिला केऑन क्षय सदिश घटकावर चालतो, दुसरा अक्षीय घटकावर. क्षीण बल फक्त डावखुऱ्या कणांवर काम करते हे गृहीत थोडेसे चुकत असेल आणि उजव्या हाताचा क्षीण प्रवाह किंचित मिसळत असेल, तर तो या दोघांना विरुद्ध दिशांना ढकलेल. तिन्ही उत्तरांची तोंडे मग एकीकडे वळवता येतात. कल्पना सुरेख आहे. पण त्रिकोणाच्या तिन्ही कोनांना सैद्धांतिक गणनेचा आधार लागलेला असताना मी तिच्यावर पैज लावणार नाही.

त्रिज्या मोजली, आकडा हलला

शंका केंद्रक-रचनेवर असेल तर ती दूर कशी करायची? अ‍ॅल्युमिनियम-२६ ने याचे चांगले उदाहरण दिले. या समूहातले सर्वांत अचूक मापन त्याचेच, त्यामुळे सरासरीवर त्याचा प्रभाव मोठा. असममितीची दुरुस्ती काढताना केंद्रकाची विद्युतभार-त्रिज्या लागते, आणि नेमकी याच केंद्रकाची त्रिज्या कुणी मोजलेली नव्हती. शेजारच्या केंद्रकांवरून अंदाज करून ती वापरली जात होती. सर्नच्या आयसोल्डे सुविधेत आणि युवास्क्युलात लेसर वर्णपटाच्या साहाय्याने ती मोजली गेली आणि २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: ३.१३० फेम्टोमीटर. वापरातल्या अंदाजापेक्षा साडेचार प्रमाण विचलनांनी वेगळी. दुरुस्त एफटी मूल्य एका प्रमाण विचलनाने उतरून ३,०७१.४ सेकंद झाले.

एफटी उतरले की व्ही-यूडी वाढतो आणि तूट किंचित आकसते. एका केंद्रकाने प्रश्न मिटत नाही. पण अर्धायुष्य दशहजारांश अचूकतेने मोजलेले आणि त्रिज्या अंदाजपंचे, ही स्थिती इतकी वर्षे चालली हे मला आश्चर्याचे वाटते. नव्या गणकावर खर्च करण्यापेक्षा अशा राहिलेल्या त्रिज्या मोजून टाकणे अधिक फायद्याचे ठरेल. त्याला जोड हवी ती कार्बन-१० सारख्या हलक्या केंद्रकांच्या मूलभूत बलांपासून सुरू होणाऱ्या गणनांची, जिथे कक्षांची प्रतिकृती आधी गृहीत धरावी लागत नाही. ते काम सुरू झाले आहे. दहा न्यूक्लिऑनांपर्यंत ते झेपते, चौऱ्याहत्तरला अजून नाही.

केंद्रकाला वळसा

केंद्रकच नको म्हटले तर सुटा न्यूट्रॉन आहे. त्याच्या क्षयातून व्ही-यूडी काढायला त्याचे सरासरी आयुष्य आणि अक्षीय-सदिश घटकांचे गुणोत्तर ही दोन मापे लागतात. केंद्रक-रचनेची दुरुस्ती शून्य. चौकटवाली मात्र इथेही चुकत नाही.

दोन्ही मापांची स्वतःची भांडणे आहेत. लॉस अलामोसमधल्या यूसीएन-टाउ प्रयोगात अतिशीत न्यूट्रॉन चुंबकीय कढईत साठवून २०२१ मध्ये ८७७.७५ सेकंद हे आयुष्य मिळाले, अनिश्चितता अर्ध्या सेकंदाच्याही आत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत न्यूट्रॉनांच्या झोतावर केलेल्या प्रयोगाने २०१३ मध्ये ८८७.७ दिले होते. दहा सेकंदांची ही दरी अजून बुजलेली नाही. गुणोत्तरासाठी फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथे झालेल्या पर्केओ-३ प्रयोगाने २०१९ मध्ये १.२७६४ दिले, तिथल्याच एस्पेक्टने वेगळ्या पद्धतीने १.२६७७. हेही तीन प्रमाण विचलनांच्या फरकाचे.

आयुष्य यूसीएन-टाउचे आणि गुणोत्तर पर्केओ-३ चे घेतले तर व्ही-यूडी ०.९७४१ येतो, अनिश्चितता ०.०००४. हा आकडा केंद्रकांच्या ०.९७३७ शी भांडत नाही आणि एक या बेरजेशीही भांडत नाही. नेमक्या मधल्या जागी बसून तो दोन्ही बाजूंना मान डोलावतो.

पायऑनचा बीटा क्षय सैद्धांतिकदृष्ट्या सर्वांत स्वच्छ; तिथे केंद्रकही नाही आणि अक्षीय घटकही नाही. पण दहा कोटी पायऑनांतला जेमतेम एक त्या वाटेने जातो. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत पायबीटा प्रयोगाने २००४ मध्ये तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास मोजला होता. तुटीवर बोलायला ती अचूकता अपुरी आहे. त्याच संस्थेतला पायोनियर प्रयोग ती पुढच्या टप्प्यांत वाढवू पाहतो आहे.

न्यूट्रॉनच्या गुणोत्तरासाठी ओक रिज प्रयोगशाळेत नॅब हा प्रयोग आहे. क्षयातून निघालेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि प्रोटॉनचा उड्डाणकाळ तो एकाच वेळी नोंदवतो आणि त्यांवरून इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनो यांच्या दिशांमधला संबंध काढतो. एस्पेक्टनेही तोच संबंध मोजला होता, फक्त वेगळ्या तंत्राने. नॅबचे उत्तर १.२७६ च्या बाजूला पडले तर न्यूट्रॉनची साक्ष केंद्रकांच्या तोडीची होईल, आणि तूट केंद्रक-रचनेत आहे की तिच्या बाहेर, हे निदान वेगळे काढता येईल. १.२६८ च्या बाजूला पडले तर न्यूट्रॉनवरून निघणारा व्ही-यूडी इतका वर सरकेल की पहिल्या ओळीची बेरीज एकाच्या पलीकडे जाईल, आणि तुटीऐवजी जादा वाट्याचा जाब द्यावा लागेल.